कच्चा टाका

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे रऊफ मास्तरांचं दुकान.
दोन मशिनी, एक कूलर, पाणी संपलं की नुसता खडखडणारा,
आणि मी.
काज, बटन, तुरपाई, उसवणं.
एका काजाचे चार रुपये.

त्या दुपारी नवरदेवासोबत सहाजण आले.
मामा, दोन जावई, एक दोस्त, मावशी,
आणि गाडीचा ड्रायव्हर, ज्याचं मत सगळ्यांत मोठं.
नवरदेव शेवटी, चप्पल बाहेर काढून,
देवळात आल्यासारखा.

मामा म्हणाले, शेरवानी. यवतमाळात भाड्यानं भेटते,
मोत्याची माळ आन् मोजडी फुकट.
मावशी म्हणाली, भाड्याच्या कपड्यात
दुसऱ्याचा घाम असते बाप्पा.
थोरला जावई म्हणाला, थ्री पीस. माह्या लग्नात होता.
धाकटा काही बोलला नाही.
स्वतःच्या लग्नातही बोलला नसावा.
मास्तर म्हणाले, वैशाखात थ्री पीस?
पंगतीच्या आधी नवरदेवच शिजन, राजेहो.

मग ताग्यावर तागा.
वाईन कलर, मोरपंखी, बिस्किटी.
राखाडीला मावशीनं हातच लावू दिला नाही.
ड्रायव्हर म्हणाला, चमकते असा दाखवा.
पोराचा हात खालच्या फळीवर गेला.
निळा, पण काळपट निळा,
तापून थंड झालेल्या तांब्याच्या तारेवर चढतो तसा.
"हा."
एवढंच. भावही विचारला नाही.

मास्तर माप बोलतात, मी वहीत उतरवते.
भूषण डहाके, बोरी.
छाती अडतीस. कंबर एकतीस. बाही साडेचोवीस.
खांद्यापाशी मास्तर थांबले.
टेप काढली, पुन्हा लावली.
डावा पाऊण इंच खाली.

"कायचं ओझं वाहता?"
"शिडी. वायरमन हाय ना. नऊ वर्षं झाले."

मामा म्हणाले, भराव टाका.
फोटोत वाकडा दिसन, आन् फोटो जन्मभर राहते.

"राहू द्या ना मामाजी," तो म्हणाला,
इतक्या हळू की ऐकलं फक्त मी,
खाली बसलेली, तोंडात टाचण्या धरून.
"डीपीवर चढलो होतो, तवाच पाह्यलं तिनं मले.
शिडी खांद्यावरच होती."

मामांना ऐकू गेलं नाही.
पैसे मामांचे होते.

कोट उभा राहिला. भराव माझ्याकडे आला,
तळहाताएवढा कापूस, कॅनव्हासमध्ये घातलेला.
मास्तर म्हणाले, पक्का मार, वनू.
बावीस वर्षं झाली या हाताला.
पक्का टाका कसा दिसतो ते त्याला पाठ आहे.
मी तसा दिसणारा घातला.
एक टोक सोडलं अस्तराच्या आत, गाठ न मारता.

न्यायला तो एकटाच आला, ड्यूटीवरून,
कमरेला पक्कड, बोटांना काजळी.
आतलं बटन दाखवते म्हणून
मी त्याचं बोट त्या टोकावर नेलं.
त्यानं पाहिलं माझ्याकडे.
मी दुसऱ्याची सलवार तुरपायला घेतली.

आषाढात कोट परत आला, कॅरीबॅगमध्ये.
तिनं आणला. नवी नवरी, हातभर हिरव्या चुड्याची,
उन्हानं रापलेली, घाईत.
"बटन तुटलं, ताई. आतलं."
आणि बस लागली म्हणून पळाली.

आतल्या खिशात हात घातला.
भराव, दुमडून ठेवलेला.
वास घेतला. कोरडा. घामाचा डाग नाही.
कोटाच्या डाव्या खांद्यावर मात्र
मिठाची पांढरी रेघ, खाली उतरत गेलेली.
घडीत अडकलेल्या तीन अक्षता,
हळद अजून पिवळी.

वहीत लिहिलं: डहाके, बटन एक, दहा रुपये.
अक्षता कुठं टाकाव्या कळेना,
काज-बटनाच्या डबीत ठेवल्या.

मास्तरांनी विचारलं, हा भराव कोणाचा?
म्हटलं,
उरलेला.