चुकीचा खुनी

ताम्पेरेच्या थिएटरात सातवा खून झाला
तेव्हा मागच्या रांगेत कुणी फिसकन हसलं.
मग सगळेच.

उर्पो कल्लेला – वीस वर्षं टीव्हीवर
पोरांना लोकरीचे मोजे विणायला शिकवलेला माणूस –
सुरी धरतो ती पाव कापायला धरावी तशी.
आत शिरताना पायपुसण्यावर बूट पुसतो.
पेपरात छापून आलं : 'प्रेतांना थंडी तर वाजत नसेल ना,
एवढीच काळजी याच्या डोळ्यांत.'

बाहेर बर्फ. लोक अजून खिदळत होते.
आउने तेवढी गप्प,
हातमोजा एकच सापडलेला.
'मी दार उघडलं असतं त्याला,' म्हणाली,
'कॉफीसुद्धा ठेवली असती.'

टॅक्सीवाला हसला, छान हसला.
ती मागच्या सीटवर, दाराला चिकटून,
त्याचे हात बघत राहिली.