वीण

मार्चमध्ये स्कॅनर घेऊन हाल्बेरा आली.
एकेकीच्या पोटाला यंत्र टेकवत
मोठ्यानं आकडे सांगत गेली:
दोन. दोन. तीन. एक. तीन.
मी त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देत मागून.
फ्लेक्कापाशी ती थांबली.
यंत्र सरकवलं, पुन्हा सरकवलं,
मग नुसतं माझ्याकडे पाहिलं.
तिसरं वर्ष.

भाकड, म्हणाला माझा भाऊ,
आणि दाराबाहेर बर्फात थुंकला.
त्याच्या तोंडी या शब्दाला
ऑक्टोबरच्या ट्रकचा आवाज असतो.

मी तिचं रक्त रेक्याविकला पाठवलं.
उत्तर आलं एका पानाचं.
हाल्बेरानं ते माझ्यासाठी सोपं केलं,
गोठ्यातल्या बादलीवर बसून:
बीजांडात एक जनुक असतं,
त्याच्या बरहुकूम एक प्रथिन घडतं,
आणि बीजांड ते बाहेर सोडतं,
भोवतीच्या पेशींना हाक मारल्यासारखं.
या. वाढा. माझ्याभोवती दाटी करा. मला पोसा.
तुझ्या कळपात त्या हाकेतलं एक अक्षर बिघडलंय.
आईबापांपैकी एकाकडूनच आलं,
तर हाक जरा हलकी पडते,
आणि हलक्या हाकेला, गंमत बघ,
एकाऐवजी तीन-तीन बीजं पिकतात.
दोघांकडूनही आलं, तर हाकच नाही.

म्हणजे तिच्यात काही नाहीच?
आहेत की, बीजांडं आहेत, ती म्हणाली,
इवल्याशा अंडाशयात,
तोंडातल्या तोंडात शब्द धरून बसलेली.

रात्री मी वडलांची वही काढली.
पुठ्ठ्याला अजून त्यांच्या तपकिरीचा वास.
सुर्तलाला तीन.
सुर्तलाच्या लेकीला तीन.
नातीला चार! खाली दोन रेघा, शाई फुटेस्तोवर.
आउसग्रीमुरच्या मेंढ्या म्हणून दरीभर मिरवले ते.
मग एका डिसेंबरात
सुर्तलाच्याच वंशाचा एडका
तिच्याच नातींत सोडला.
अति तिथे माती म्हणावं, तर
इथे माती वीतभरच, खाली सगळा लाव्हा.

त्यांना माहीत नव्हतं.
मला माहीत आहे, आणि तरी
तिळं झालं की मीही अजून आकडा गिरवतेच.

मेमध्ये वीण सुरू झाली.
रात्र म्हणजे नुसता राखाडी उजेड.
मी गंजीवर बसून बाही विणत होते,
लोकर फ्लेक्काचीच, सगळ्यांत दाट;
पिलांपायी झिजलेली नाही ना.
पहाटे तीनला काळ्या मेंढीनं तिसरं टाकलं.
सड दोनच.
तिनं तिसऱ्याला डोक्यानं ढकललं,
एकदा, मग जोरात.

ते ओलं, लटपटत,
फळीखालून पलीकडे गेलं, फ्लेक्काच्या कप्प्यात.
तिच्या पोटाखाली धुंडाळलं. कोरडं.
ओरडलं.
मी सुया टाकून बाटली ऊन केली.
ते डोळे मिटून ओढत राहिलं,
अंग तिच्यावर टाकून,
आणि तिनं मान मागे वळवली,
त्याची थरथरती शेपटी हुंगली
दूध पाजणाऱ्या आया हुंगतात तशी,
आणि घशातल्या घशात घुमली,
जे तिला कुणी शिकवलेलं नाही.

कुणीतरी हाक मारली असणार.
मला ऐकू आली नाही.

वहीत तिच्या नावापुढचा रकाना कोराच ठेवलाय.
भावाची यादी अजून दारामागच्या खिळ्याला आहे,
तिचा नंबर वरून चौथा.
बाटल्या उकळायच्या राहिल्यात.