सैल

मिंडेलोच्या बंदरामागे, पत्र्याच्या छपराखाली आमचा स्टुडिओ.
वारा पडला की रेकॉर्डिंग. वारा पडत नाही,
म्हणून खिडकीच्या फटींत जुन्या चादरी कोंबायच्या.
जूनच्या सणाआधी झेफेरिनू ढोल घेऊन आला,
कातडं उन्हात तापवून, बगलेत लेकरासारखा धरून.

कॉम्प्रेसर मी लावला. नवशिक्याचा हात:
अटॅक पार डावीकडे, भिंतीला टेकवलेला.
टिपरी कातड्याला शिवते न शिवते तोच मी तिला धरत होतो.
काटा कसा झपकन खाली! वाटलं, जमलं.
झेफेरिनूने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
"शेजाऱ्याच्या दारावर कुणी उशी आपटतंय,
ते मला कशाला ऐकवता?"

इव्हाल्दिनाबाई हसल्या नाहीत. बटण फिरवत गेल्या,
दहा मिलिसेकंद, वीस,
तिसाशी लाकूड ऐकू आलं.
आधी लाकूड, मग कातडं, मग पोटातली पोकळी.
"घाव होऊ दे," म्हणाल्या, "मग धर."

उरलं सोडणं.
उशिरा सोडलं, तर दुसरा ठोका पहिल्याच्या ओझ्याखाली वाकून आला,
तिसरा आलाच नाही म्हणा.
लवकर सोडलं, तर दोन ठोक्यांमधून भसकन वर आला
गल्लीतला कुत्रा, पंख्याचा खुळखुळाट,
झेफेरिनूचं नाकातून श्वास ओढणं.
सगळी खोली धापा टाकायला लागली.

तेव्हा तो उठला. दिवसा तो धक्क्यावर असतो,
सांतु अंतांवची बोट लागली की दोर झेलायला.
माइकची केबल उचलून खुर्चीच्या पायाला दोन वेढे दिले,
टोक माझ्या हातात. "धर. मी बोट."
मी गच्च धरलं. खुर्ची आडवी.
"हिसका बसला की दोर थोडा सरकू द्यायचा,
खुंट्यावर करकरू द्यायचा. मग आवळायचा.
आणि पुढच्या लाटेच्या आत सैल.
आत म्हणजे आत. लाट आल्यावर सैल करणारे
आमच्यात दोघं आहेत.
दोघांची मिळून सतरा बोटं."

मी रिलीज आणत गेलो, केसाएवढं, केसाएवढं.
काटा वर येऊन जागेवर टेकला,
क्षणभर उभा राहिला, आणि ठोका.
टेकला, ठोका.
टेकला, ठोका.
किती मिलिसेकंद ते कुणी लिहून ठेवलं नाही.
चाल वेगळी असती तर आकडाही वेगळा असता.
केबलला मात्र कायमचा पीळ बसला,
बाईंनी तिचे पैसे माझ्या पगारातून कापले.

रविवारी रॉटरडॅमहून आईचा फोन येतो.
ती "ऐक" म्हणायच्या आत मी विचारतो, कधी येतेस.
या रविवारी तिचं "ऐक" पूर्ण होऊ दिलं.
मग ती गप्प झाली, आणि मी ते गप्प भरून काढलं नाही.
लाइनीवरची खरखर हळूहळू वर आली,
तिच्या घरातला नळ, खालून जाणारी ट्राम,
आणि त्यातून ती: या डिसेंबरलाही नाही जमणार.

बरं, मी म्हणालो.
पण जरा थांबून.