जोडाक्षर

ग्रोनिंगनच्या दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर,
हिल्त्ये अतिनील दिवा लावते आणि मोजते. सात सेकंद.
थर्मॉसमधला चहा ओतायला याहून जास्त वेळ लागतो.
एका बशीत येल्तेच्या कातडीच्या पेशी,
दंडाच्या आतल्या बाजूच्या, जिथं ऊन पोचलंच नव्हतं.
शेजारच्या बशीत कुणा धडधाकट माणसाच्या.
त्याला नाव नाही, नुसता आकडा.

तेवढ्यात
शेजारीशेजारी बसलेली दोन थायमिन
एकमेकांना चिकटतात.
जिथं जोडाक्षर नव्हतंच तिथं जोडाक्षर.
मजकूर वाचत, नक्कल उतरवत येणारा कारकून
तिथं अडखळतो, आणि मग
अरुंद बोळात हातगाडी अडकावी तसा
ना पुढे, ना मागे.
ज्या पानांना काहीच झालेलं नाही
तीही मिटू लागतात.
सगळी पेशी ब्र काढत नाही.
फक्त याच वेळेसाठी राखून ठेवलेल्या काही ओळी
मोठ्यानं वाचल्या जातात:
थांबा. कुणी एकाचे दोन होऊ नका. आधी डागडुजी.

हिल्त्येच्या गावात, समुद्राचा बांध खचल्याची घंटा झाली की
असंच व्हायचं म्हणे.
गिरणी बंद, शाळा बंद, लग्नाची बोलणी अर्ध्यावर,
जो तो फावडं घेऊन बांधावर.
तिचा बाप हे रंगवून सांगायचा.
नंतरचं मात्र त्यानं कधी सांगितलं नाही:
आता पुरे, घरी जा, असं कोण म्हणालं,
पहिलं दळण कुणी टाकलं.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, ती भिंगाला डोळा लावते.
आकड्याच्या पेशी हिरव्या उजळल्यात.
नव्या नकला, ताजी शाई, पुन्हा गजबज.
येल्तेच्या पेशींत अंधार.
मेलेल्या नाहीत. घंटाही ऐकलीय त्यांनी.
पण अडकलेली गाडी बाजूला घ्यायला ज्याला हाक मारायची
तो एक माणूस त्या गावात जन्मलाच नाही.
ती दोनशे केंद्रकं मोजते. मग पुन्हा दोनशे.

येल्ते चार वर्षांचा. वजन दीड वर्षाच्या मुलाचं,
डोळे खोल, आणि कुणीही दिसलं की हसतो.
मार्चमध्येसुद्धा हातमोजे, रुंद टोपी.
त्याची आई, फोक्येलीना, नमुना देताना
कुणी विचारलं नसताना म्हणाली होती:
वीसच मिनिटं नेलं होतं मी उन्हात, एकदाच,
नवी कोकरं बघायला.

फॉर्मवर एक चौकोन आहे: वाचन पूर्ववत? होय, नाही.
माझं सोपं आहे,
माझ्या भाषेत वाचणं आणि वाचणं एकच.
हिल्त्येच्या भाषेत दोन शब्द आहेत
आणि फॉर्मवर एकाचीच जागा.
ती 'नाही'वर खूण करते. सही करते.
मग समासात, जिथं काही लिहायचं नसतं तिथं,
बारीक अक्षरात लिहिते:
आईला सांगावे,
कोकरांमुळे नव्हे.