बॅरो

एझ्रा स्टिकलंड सकाळी बॅरो ढकलत अंगणात येतो,
बॅरोला उकडलेले बटाटे घालतो,
दुपारी बॅरोला पाठ टेकून पाव-चीज खातो.
ऐकणाऱ्याला वाटावं, एकच काम
म्हातारा दिवसभर पुरवतोय.

डॉर्सेटच्या या खडूच्या टेकड्यांत कुणी गोंधळत नाही.
मराठीत आणताना मात्र मला
तिघांना वेगवेगळ्या पाटावर बसवावं लागतं:
ती बॅरो, एका चाकाची, कुरकुरणारी;
तो बॅरो, खच्ची केलेला, गुलाबी कानांचा डुक्कर;
ते बॅरो, कुरणातलं गवताळ टेकाड,
ज्याच्या पोटात कांस्ययुगातलं कुणीतरी
गुडघे छातीशी घेऊन निजलंय.
नांगर त्याला वळसा घालून जातो.

मिस हॉलेट, शाळेतून निवृत्त, तरी शिकवणं सुटलं नाही.
म्हणते, हे भाऊ नव्हेत, नुसते नावबंधू.
बेओर्ग म्हणजे डोंगर. बेआर्ग म्हणजे डुक्कर.
आणि बेरान म्हणजे वाहून नेणं.
हजार वर्षं एकाच चिखलातून चालले,
तिघांचे बूट सारखे दिसायला लागले, इतकंच.

बेरान आमच्या भाराच्या गोत्रातला.
तिला हे सांगायचं माझं राहूनच गेलं.

चाकाची कुरकुर टॅम्झिनला आवडायची.
तू ओढ्याशी आलास की मी किटली ठेवते, म्हणायची.
म्हणून एझ्राने कधी तेल घातलं नाही.

फेब्रुवारीत ती गेली. बर्फ कुंपणाएवढा.
शववाहिनी चढावर दोनदा घसरून माघारी फिरली.
एझ्राने कोठाराचं दार काढलं,
बॅरोवर आडवं बांधलं, घोंगडी अंथरली,
आणि तिला स्वतः चर्चपर्यंत नेलं,
टेकाडाला वळसा घालून,
नांगरासारखा.
सगळं गाव मागून गप्प. फक्त चाक बोलत होतं.

तिरडीचा त्यांचा शब्दही बेरानच्याच पोटचा.
मिस हॉलेटला ते आठवलं,
आणि तिने कुणाला काही शिकवलं नाही.

मार्चमध्ये त्याने डुक्कर कापला.
मीठ लावलं, चरबी कढवली,
मूठभर काढून चाकाच्या आसाला चोपडली.

आता तो जातो तेव्हा
टेकाडावरच्या मेंढ्या मान वर करत नाहीत.