घट

नमुना सतरा.
निलगिरीतला, निलगिरीखालचा.
चर मारून पाणी काढलं, मग झाडं लावली,
असं पिशवीवर बॉलपेननं.

मी पाषाणला, भट्टीपाशी.
मुशीत चमचाभर काळी माती,
तिच्यात अजून एक पान, शिरांसकट.
पाण्याखाली होतं तोवर
कुजायचंच विसरलं होतं.

साडेपाचशे अंश. रात्रभर.
सकाळी राख, नखाएवढी.
रजिस्टरात रकाना आहे: घट.
नवरात्रात परडीत माती घालून
आई बसवते, तोही घट.

ताटवे मॅडम म्हणतात, तिकडे भट्टी लागत नाही,
नुसती हवा पुरते.

मी आकडा लिहिते.
एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालूच होता.
म्हणजे बाकीचा सतरा नंबर
आता सूस रोडवर असेल,
भाजीच्या गाडीपाशी,
घासाघीस करणाऱ्या कुणाच्या श्वासात.