मागील पानावरून पुढे

अर्ज क्रमांक चारशे बारा.
आयवर लेहतो, वय वीस.
मिशिगनच्या पार उत्तरेला, सरोवरकाठचं एक छोटं कॉलेज सोडून
आमच्या बिझनेस स्कूलच्या तिसऱ्या वर्षात येऊ पाहतोय.
एकूण क्रेडिट्स अठ्ठावन्न.
त्यातली किती धरायची, एवढंच मी सांगायचं.

एकोणीस वर्षं या खुर्चीत बसते आहे.
पोरं मला दिसत नाहीत, त्यांच्या गुणपत्रिका दिसतात.
आणि गुणपत्रिका चुगलखोर असतात :
कॅल्क्युलसला डी,
मग तोच विषय पुन्हा घेऊन बी प्लस.
दुसऱ्या हिवाळ्यात दोन विषय मधेच सोडलेले,
दोन्हींची तारीख एकच, एकोणतीस जानेवारी.
त्या दिवशी काय झालं
त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

लेखांकनाची तत्त्वं, भाग एक : धरलं.
भाग दोन : धरलं,
पुस्तकाची आवृत्ती जुनी होती तरी.
अर्थशास्त्र : धरलं.
व्यावसायिक पत्रलेखन : त्याच्याकडे तीनाचं, आमच्याकडे चाराचं,
म्हणजे एका क्रेडिटपायी पोरानं पुन्हा गिरवायचं सगळं
'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत.
फिनिश भाषा, दोन सत्रं : ऐच्छिक,
म्हणजे कोनाड्यात ठेवून द्यायची.
बर्फाचा भूगोल, प्रात्यक्षिकासह : नाही.
लहान होड्यांची दुरुस्ती : नाही हो, नाही.

एकेचाळीस.
सतरा गेली. एक अख्खं सत्र आणि वर थोडं,
त्याचे पैसे वेगळे.

पावणेपाचला फोन आला.
मागे ट्रकचं इंजिन चालू होतं,
कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता.
मी पाठ झालेलं म्हणून दाखवलं :
विभागाकडे दाद मागता येते,
अभ्यासक्रमाची प्रत जोडावी, पंधरा दिवसांच्या आत.
इथे बहुतेक जण चिडतात. काही रडतात.
एकीनं तर वडिलांना फोन दिला होता, ते वकील होते.
हा म्हणाला,
"मॅडम, ते बर्फाचं आता पुसलं जाईल का?"

नाही रे, म्हटलं. पुसत नाही आम्ही काहीच.
ते दिसत राहील.
फक्त धरलं जाणार नाही.

तो गप्प. इंजिन बंद झालं.
"बाबा यायचे त्या तासाला माझ्यासोबत," म्हणाला.
"रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचे ते,
रात्रपाळी करून थेट वर्गात.
सर त्यांना मागच्या बाकावर बसू द्यायचे.
त्यांना सगळी उत्तरं यायची.
म्हणून विचारलं."

यायचे. द्यायचे.
मी पुन्हा तारखेकडे पाहिलं.

लेखांकनात ए मायनस आहे पोराला,
त्याला हे ठाऊकच असणार :
पान भरलं की खाली बेरीज मारायची
आणि नव्या पानाच्या डोक्यावर लिहायचं,
मागील पानावरून पुढे.
पुढे येतो तो नुसता आकडा.
कोणी दिले, कशाचे दिले, कुठल्या थंडीत,
ते मागच्याच पानावर राहतं,
आणि मागचं पान फाडायचं नसतं,
एवढी एकच मेहेरबानी त्या शास्त्रात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं पत्रलेखन धरलं.
हॉलिसनं चष्म्यावरून पाहत विचारलं, कशाच्या आधारावर?
म्हटलं, फोनवर बोललाय माझ्याशी.
जे विचारायचं तेवढंच विचारलं त्यानं,
आणि कारण मागाहून दिलं.
आपण चार क्रेडिट्स घेऊन तरी
दुसरं काय शिकवतो?

हॉलिसनं सही केली. कॉफी गार झाली म्हणून कुरकुरलाही.

चव्वेचाळीस.
सप्टेंबरात तो पूल ओलांडून दक्षिणेला येईल,
नव्या वर्गात नाव सांगेल,
कोणीतरी ते चुकीचं उच्चारेल.
मला तो ओळखणार नाही, मीही त्याला नाही.
मागच्या बाकांवर मात्र या वर्षी
एकदा जाऊन बसावं म्हणते,
हिवाळा लागला की.